वाचा गेली की भाषा? : मेंदूविषयक ज्ञान आणि महाराष्ट्रातील भाषादोषांच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातील गाव आहे. तेथून जवळच असलेल्या आळे येथे रेड्याची समाधी आहे. संत ज्ञानेश्वरांनी पैठण येथे ज्याच्या मुखी वेद वदविले, तो रेडा भावंडांसमवेत आळंदीकडे येत असता आळे येथे निवर्तला, अशी परंपरेची धारणा आहे. या कथेची ऐतिहासिक चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र ज्या प्रदेशात ती श्रद्धेने सांगितली जाते, त्या प्रदेशाची वाचेविषयीची कल्पना तीतून स्पष्ट होते. वाचा ही मुखात असते. ती दिली जाते, फुटते, बसते आणि जाते. मराठीतील 'जीभ जड होणे', 'बोबडी वळणे', 'दातखीळ बसणे', 'वाचा बसणे' हे वाक्प्रचार पाहिले असता त्यांत जीभ आहे, दात आहेत, मुख आहे. मस्तक कोठेच नाही. (कथेत ज्ञानदेवांनी हात ठेवला तो मात्र रेड्याच्या मस्तकावर, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

वाचा आणि भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. उच्चार करण्याची शक्ती म्हणजे वाचा; शब्द आठवणे, त्यांची वाक्यात जुळणी करणे आणि दुसऱ्याच्या वाक्याचा अर्थ लावणे म्हणजे भाषा. पहिली जीभ, ओठ, स्वरयंत्र व त्यांना चालविणाऱ्या चेतातंतूंवर अवलंबून असते. दुसरी मेंदूच्या, बहुतेक माणसांत डाव्या गोलार्धाच्या, विशिष्ट जाळ्यावर. हा भेद युरोपीय वैद्यकात १८६१ ते १८७४ या काळात प्रस्थापित झाला. महाराष्ट्रातील शाळा, जनगणना, न्यायालय आणि शासकीय कायदा यांच्यापर्यंत तो पोहोचण्यास त्यानंतर जवळजवळ दीड शतक लागले. या विलंबाचा इतिहास हा केवळ वैद्यकाचा इतिहास नाही. पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या माणसाला मुका समजावे, वेडा समजावे की रुग्ण समजावे, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासाने ठरविले आहे.

प्राचीन वैद्यकातील नोंद

भारतीय वैद्यकाने वाचेच्या विकारांकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणात मूक, मिन्मिण आणि गद्गद असे तीन प्रकार येतात. कफयुक्त वायू शब्द वाहून नेणाऱ्या धमन्यांना अडवितो, अशी त्यांची उपपत्ती दिलेली आहे. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत 'वाक्संग' मोजलेला आहे. त्याहून महत्त्वाची नोंद चिकित्सास्थानातील पक्षवधाच्या वर्णनात सापडते. वायू शरीराच्या उजव्या किंवा डाव्या एका बाजूचा घात करतो तेव्हा त्या बाजूची हालचाल थांबते, वेदना होतात आणि वाक्स्तंभही होतो, असे तेथे म्हटले आहे.

येथे निरीक्षण अचूक आहे. अर्धांगवायू आणि वाचा जाणे या दोन घटना एकत्र घडतात, हे चरकाच्या परंपरेने पाहिले होते. मात्र उजवी बाजू लुळी पडली असता भाषेची हानी अधिक होते आणि डावी बाजू लुळी पडली असता ती सहसा होत नाही, हा पुढचा भेद तेथे नाही. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाचेही बोलणे जड, अस्पष्ट होऊ शकते. जिभेचे व चेहऱ्याचे स्नायू दुर्बळ झाल्याने उच्चार बिघडतो. त्याची भाषा मात्र शाबूत असते आणि तो लिहून आपले म्हणणे मांडू शकतो. 'वाक्स्तंभ' या एका संज्ञेत हे दोन्ही प्रकार सामावले गेले, आणि उच्चारदोष व भाषादोष यांची सरमिसळ तेथपासूनच सुरू झाली.

मराठी परंपरेत वाचेचा तात्त्विक विचारही झाला. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाचांची मांडणी ज्ञानदेवांना परिचित होती. 'अमृतानुभवा'च्या तिसऱ्या प्रकरणाचे नावच 'वाचाऋणपरिहार' असे आहे. उच्चारित वाणी ही वाणीची केवळ सर्वांत बाहेरची पायरी होय, हे या मांडणीचे मर्म आहे. अलीकडे काही लेखनात या चार वाचांची मेंदूच्या चार क्षेत्रांशी सांगड घालण्याचा मोह दिसून येतो. तो टाळणे इष्ट. ती मांडणी आत्मज्ञानाच्या मार्गासाठी झाली होती, रुग्णपरीक्षेसाठी नव्हे. आणि रुग्णाच्या खाटेजवळ तिचा उपयोग करून घेतल्याचे वैद्यकीय परंपरेतही दिसत नाही.

पॅरिस आणि ब्रेस्लाऊ

एप्रिल १८६१ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण मरण पावला. एकवीस वर्षे तो तेथे होता. त्याला विचारलेले बरेचसे समजे. उत्तरादाखल तो 'तां, तां' एवढाच ध्वनी काढी आणि चिडला म्हणजे एक शिवी मात्र स्पष्ट उच्चारी. शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी शवविच्छेदन केले असता डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात, कपाळाच्या मागे खालच्या बाजूस, इजा आढळली. त्याच वर्षी लेलों या दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूतही त्याच ठिकाणी दोष सापडला. १८६५ मध्ये ब्रोका यांनी भाषेचा संबंध डाव्या गोलार्धाशी जोडला. मार्क दाक्स या फ्रेंच वैद्याने १८३६ मध्येच तसे टिपण केले होते, असा दावा त्यांच्या मुलाने केला. ते टिपणही १८६५ मध्येच छापून आले. 'अफेजिया' हे नाव १८६४ मध्ये त्रूसो यांनी रूढ केले. मराठीत त्यासाठी 'वाचाघात' हा शब्द वापरला जातो. या शब्दात पुन्हा वाचाच आली आणि भाषा राहून गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८७४ मध्ये ब्रेस्लाऊ येथील सव्वीस वर्षांचे कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण भराभर बोलत, परंतु त्यांच्या बोलण्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नसे. त्यांची इजा डाव्या कानामागील भागात, शंखखंडाच्या मागील व वरच्या बाजूस होती. या दोन क्षेत्रांना जोडणारा तंतूंचा पट्टा तुटला असता रुग्णाला समजते, बोलताही येते, मात्र ऐकलेले वाक्य तसेच्या तसे परत म्हणता येत नाही, असे भाकीत वेर्निके यांच्या आराखड्यातून निघाले. विसाव्या शतकात मागे पडलेला हा आराखडा १९६५ मध्ये अमेरिकन मेंदुवैद्य नॉर्मन गेश्विंड यांनी पुन्हा मांडला.

आज हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. लेबोर्न्यचा जतन केलेला मेंदू एमआरआय यंत्राने तपासण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इजा ब्रोका यांना दिसली होती त्याहून बरीच खोल गेल्याचे आढळले. त्याच वर्षी हिकॉक व पोपेल यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार ऐकलेला ध्वनी मेंदूत दोन मार्गांनी पुढे जातो. एक मार्ग त्याचा अर्थाशी मेळ घालतो, दुसरा उच्चाराच्या हालचालींशी. भाषा म्हणजे एखाद्या कोठाराचे कुलूपबंद दालन नसून अनेक क्षेत्रांचे एकत्र चालणारे काम होय, असे आता मानले जाते. डाव्या गोलार्धाचे प्राधान्य मात्र टिकून आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतांश व्यक्तींत आणि डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्य व्यक्तींत भाषेचा मुख्य भार डाव्या गोलार्धावरच असतो.

भाषा जिभेत नाही याचा निर्णायक पुरावा कर्णबधिरांकडून मिळाला, ही इतिहासातील विलक्षण घटना होय. पॉइझ्नर, क्लिमा आणि बेलुगी यांनी १९८७ च्या ग्रंथात जन्मभर सांकेतिक भाषा वापरणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. डाव्या गोलार्धास इजा झालेल्यांची हातांची भाषा विस्कटली होती. ज्या रुग्णांनी तोंडाने कधी वाक्य उच्चारलेच नव्हते, त्यांनाही अफेजिया झाला होता.

जनगणना, शाळा आणि साक्षीपुरावा

मुंबई इलाख्यात या ज्ञानाचे काय झाले? शासनाच्या नोंदींपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. ब्रिटिश काळातील जनगणनेत शारीरिक व मानसिक व्यंगांची स्वतंत्र गणना होत असे आणि ती १९३१ पर्यंत चालली. तीत वेडे, मुके-बहिरे, अंध आणि कुष्ठरोगी असे चार वर्ग होते. मुके-बहिरे या वर्गात जन्मापासून तसे असणारे अभिप्रेत होते. पन्नाशीत अर्धांगवायू होऊन शब्द हरवलेला शेतकरी या चौकटीत कोठे बसणार? तो जन्मतः मुका नव्हता आणि बहिरा मुळीच नव्हता. म्हणजे एक तर तो नोंदीबाहेर राहणार, नाही तर असंबद्ध बोलतो म्हणून वेड्यांच्या वर्गाकडे ढकलला जाणार. वेर्निके यांनी वर्णिलेल्या प्रकारच्या रुग्णाबाबत ही दुसरी शक्यता खरी भीतिदायक आहे. घरच्यांच्या दृष्टीने कालपर्यंत शहाणा असलेला माणूस आज भलतेच बरळू लागलेला असतो. तो चालतो-फिरतो, त्याचे हातपायही पुष्कळदा धड असतात. अशा माणसाला देवऋषीकडे नेणे आणि मेंदुवैद्याकडे न नेणे हे अज्ञानाइतकेच शब्दाच्या अभावाचेही फलित होय.

शिक्षणाच्या क्षेत्रात १८८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत बिशप लिओ मोरां यांच्या पुढाकाराने मूकबधिरांसाठी संस्था सुरू झाली. भारतातील या प्रकारची ती पहिली शाळा मानली जाते. १८८० च्या मिलान येथील परिषदेने कर्णबधिरांना हातांच्या खुणांऐवजी तोंडी बोलण्याचेच शिक्षण द्यावे, असा ठराव केला होता आणि पुढील अनेक दशके जगभरातील शाळांवर त्याचा पगडा राहिला. मुलाच्या तोंडून शब्द बाहेर काढणे हेच यश मानले गेले. त्या मुलाला कोणतीही एक भाषा पूर्णत्वाने मिळाली काय, हा प्रश्न मागे राहिला. लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषा आत्मसात करण्याचा काळ बालपणाशी बांधलेला असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळात सांकेतिक वा उच्चारित, कोणतीच भाषा कानाडोळ्यांवर न पडलेले मूल पुढे ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. म्हणजे येथेही वाचेच्या आग्रहापायी भाषा गमावली जाण्याचा धोका होता.

कायद्याचा दाखला याहून बोलका आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११९ ने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदार होती. २०१३ च्या दुरुस्तीने तीत दुभाषा किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य आणि दृक्-चित्रीकरण यांची भर पडली. तरीही तिचे गृहीतक वाचेचे आहे. तोंड बंद झाले तरी लेखणी चालू राहते, असे ती मानते. अफेजियाच्या रुग्णाचे दुखणे नेमके उलटे असते. त्याचे लेखनही बोलण्याबरोबरच मोडते, कारण दोन्हींचा उगम एकच आहे. उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाताने लिहावयास सांगितले जाते आणि कागदावर काही तरी विपरीत उमटले की 'याला आता काही कळत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. जमिनीची वाटणी, मृत्युपत्र, बँकेतील सही अशा प्रसंगी या निष्कर्षाचे मोल किती, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या कोणासही सांगावे लागणार नाही. भाषा बिघडणे आणि समज जाणे या एकच गोष्टी नव्हेत. ब्रोका यांच्या प्रकारातील रुग्णांना पुष्कळदा व्यवहार कळत असतो.

आजाराची कारणे

प्रौढ वयात भाषा हरविण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे मेंदूचा पक्षाघात. डाव्या गोलार्धाला रक्त पुरविणाऱ्या मधल्या धमनीच्या फांद्या गुठळीने बंद झाल्या, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, तर भाषेची क्षेत्रे काही मिनिटांत निकामी होऊ लागतात. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कमी-अधिक प्रमाणात अफेजिया आढळतो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू ही यामागील नेहमीची कारणे. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्या तरुण हृदयरुग्णांतही हृदयातील गुठळी मेंदूकडे जाते. डोक्याला मार, गाठी, क्षयजन्य मेंदुज्वर हीही कारणे आहेत. काही वृद्धांत कोणताही झटका न येता शब्द हळूहळू झिजत जातात. या प्रकाराचे आधुनिक वर्णन मेसुलम यांनी १९८२ मध्ये केले. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पिंपरी पेंढारहून पुण्याचे अंतर ९० ते १०० कि.मी. आहे. अशा वेळी 'जीभ जड झाली, सकाळी बघू' या वाक्याने होणारे नुकसान वेगळे सांगावयास नको.

बालवयातील कारणे वेगळी. श्रवणदोष हे त्यांतील प्रमुख व सर्वांत लवकर ओळखता येण्याजोगे. काही मुलांत ऐकणे, बुद्धी सर्व ठीक असूनही भाषा उशिरा व अपुरी येते. लंडनमधील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत आढळलेल्या अशा दोषाचा संबंध २००१ मध्ये फॉक्सपीटू या जनुकाशी जोडला गेला. ते 'भाषेचे जनुक' असल्याचा तेव्हा गाजावाजा झाला; तो अतिशयोक्त होता.

मुंबई-पुण्यातील संस्थात्मक आरंभ

स्वातंत्र्यानंतर मुंबईत नोशिर वाडिया, एडी भरुचा यांच्यासारख्या वैद्यांनी मेंदुविज्ञान ही स्वतंत्र शाखा उभी केली. परंतु रोगनिदान झाल्यावर रुग्णाला पुन्हा बोलते करण्याचे काम करणारा वर्ग निर्माण होण्यास आणखी काळ गेला. १९६५ मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली आणि १९६६ मध्ये मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालयात श्रवण व वाक् उपचाराचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची शिस्त आली. या संस्थांची मूळ नावे पाहिली तर त्यांत 'श्रवण' आणि 'वाक्' हे शब्द आहेत. 'भाषा' नंतर आली. अर्थात प्रत्यक्ष कामात भाषेचा विचार तेथे होत आला आहे. परंतु संस्थांची नावे त्या काळाची समज सांगतात.

पुण्यात याच सुमारास डेक्कन कॉलेज हे भाषाविज्ञानाचे देशातील अग्रगण्य केंद्र होते. अशोक रा. केळकर (१९२९-२०१४) यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळविल्यानंतर तेथे दीर्घकाळ अध्यापन केले; भाषेविषयीच्या त्यांच्या मराठी ग्रंथाचे नाव 'वैखरी' असे आहे. मराठीच्या ध्वनींचे आणि व्याकरणाचे सूक्ष्म वर्णन करण्याची क्षमता पुण्यात होती, आणि भाषा हरवलेले रुग्ण ससून रुग्णालयात होते. अंतर काही किलोमीटरचे. या दोहोंची नियमित गाठ पडण्याची व्यवस्था विद्याशाखांच्या भिंतींनी होऊ दिली नाही, असे म्हणावे लागते.

मराठी रुग्णाची परीक्षा

ही गाठ का पडावयास हवी होती, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. रुग्णाला वाक्य समजते की नाही, हे पाहण्यासाठी कोणी 'बिबट्याने वासराला ओढले' असे वाक्य उच्चारून त्याचे चित्र दाखवावयास सांगितले, तर जुन्नर तालुक्यातील कोणताही रुग्ण योग्य चित्रावर बोट ठेवील. त्यासाठी त्याला व्याकरणाची गरजच नाही. बिबट्या आणि वासरू हे दोन शब्द कळले की पुरे, बाकीचे अनुभव सांगतो. आता 'मुलीने मुलाला ढकलले' आणि 'मुलीला मुलाने ढकलले' ही दोन वाक्ये घ्यावीत. शब्दांचा क्रम एकच, मुलगी दोन्हीकडे आधी. फरक केवळ 'ने' आणि 'ला' या प्रत्ययांचा. ब्रोका यांच्या प्रकारातील रुग्ण नेमका येथे अडखळतो. काराम्झा आणि झुरिफ यांनी १९७६ मध्ये इंग्रजी रुग्णांबाबत हाच मुद्दा सिद्ध केला होता. तोपर्यंत अशा रुग्णांना बोलता येत नाही, पण सर्व समजते, असा समज होता. इंग्रजीत ही परीक्षा शब्दक्रमावर घेतली जाते. मराठीत ती विभक्तीवर घ्यावी लागते, आणि म्हणून इंग्रजी चाचणीचे शब्दशः भाषांतर येथे निरुपयोगी ठरते.

दुसरा मुद्दा सामान्यरूपाचा. इंग्रजी रुग्ण क्रियापदाचा प्रत्यय गाळतो तेव्हा मागे उरलेला धातूही एक शब्दच असतो. ज्या भाषांत प्रत्यय गाळल्यावर उरणारे रूप स्वतंत्र शब्द नसते, त्यांत रुग्ण प्रत्यय गाळीत नाहीत. त्याऐवजी चुकीचा प्रत्यय लावतात, असे हिब्रू व इटालियन रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले. मेन आणि ऑब्लर यांनी १९९० मध्ये संपादित केलेल्या बहुभाषिक संग्रहात हिंदी रुग्णांचाही समावेश होता. मराठीत तीन लिंगे, सामान्यरूप आणि भूतकाळात कर्माशी जुळणारे क्रियापद एकत्र नांदतात. तेव्हा 'मी गेलो' ऐवजी पुरुष रुग्ण 'मी गेली' म्हणाला, तर ते भ्रमिष्टपणाचे लक्षण नसून प्रत्ययाच्या निवडीतील दोष असण्याचा संभव विचारात घेतला पाहिजे. घरातील मंडळी मात्र हसतात किंवा घाबरतात.

तिसरा मुद्दा या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. इंग्रज मेंदुवैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले की, हेतुपूर्वक वाक्य रचण्याची शक्ती गेलेल्या रुग्णाच्या तोंडून सवयीचे व भावनेचे उद्गार सहज बाहेर पडतात. लेबोर्न्यच्या शिवीचे रहस्य हेच. अंकांची ओळ, वारांची नावे, प्रार्थना, गाणी हे पाठांतराचे बोल पुष्कळदा टिकून राहतात. हरिपाठ आणि भजन ज्या घरांतून रोज होते, तेथे स्वतःच्या मुलाचे नाव न आठवणारा वृद्ध वारकरी अभंगाच्या चालीत चार शब्द म्हणून जाईल, यात नवल नाही. परंतु घरच्यांचा अर्थ वेगळा होतो : 'देवाचे म्हणता येते, मग आमच्याशीच मुद्दाम बोलत नाहीत.' असा रुग्ण हट्टी ठरतो. उपचाराच्या दृष्टीने तर हे टिकून राहिलेले बोल हे भांडवल आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत पुढे आलेली सुरावटीवर आधारलेली उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी आहे.

बहुभाषिकतेविषयी फ्रेंच वैद्य पित्र यांनी १८९५ मध्ये असे मांडले की, आजारापूर्वी अधिक वापरात असलेली भाषा आधी परतते. हैदराबाद येथील निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६०८ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. द्विभाषिकांत पक्षाघातानंतर एकंदर बौद्धिक क्षमता अधिक टिकल्याचे त्यात आढळले. अफेजियाचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. दुसरी भाषा बुद्धीला आधार देते, भाषेला कवच देत नाही.

वाचन-लेखनाचा प्रश्न

वाचनातील दोषांचा इतिहास महाराष्ट्रात तुलनेने वेगाने पुढे सरकला. १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी राज्य शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. परंतु या सवलतींचा आधार असणाऱ्या चाचण्या प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या, शहरी मुलांच्या अनुभवावर बेतलेल्या होत्या. देवनागरीचे प्रश्न निराळे आहेत. येथे अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध इंग्रजीहून पुष्कळ नियमित असल्याने मूल अक्षरे ओळखण्यात चुका कमी करील, पण वाचनाचा वेग मंद राहील, असे घडू शकते. अशा मुलाचा दोष झाकला जातो. 'कि' या अक्षरात वेलांटी आधी लिहिली जाते आणि उच्चार नंतर होतो. दृश्य क्रम व ध्वनिक्रम यांच्या या विसंगतीचा अभ्यास ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांच्या आधारे केला. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या २००९ च्या अभ्यासात देवनागरी वाचनात डाव्या गोलार्धाबरोबरच दृश्य मांडणी हाताळणारी उजव्या गोलार्धातील क्षेत्रेही सहभागी होत असल्याचे दिसले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र डिस्लेक्सिया नव्हेत. त्या तशा असत्या, तर राज्यातील बहुतेक प्राध्यापकांनाही सवलत द्यावी लागली असती.

कायद्यातील 'भाषा'

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात वर्ग होते. त्यांत श्रवणदोष होता, मनोविकार होता. वाचा वा भाषा यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. जनगणनेच्या जुन्या चौकटीची छाया त्यावर स्पष्ट दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वर्गांची संख्या एकवीस झाली आणि 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' हा वर्ग प्रथमच आला. त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकणे आणि अफेजिया ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी दिली आहेत. एकात वाचा गेली आहे, दुसऱ्यात भाषा. कायद्याने दोहोंना नावाने ओळखले. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला, म्हणजे ब्रोका यांच्या शवविच्छेदनानंतर १५६ वर्षांनी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही त्यात समावेश झाला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

प्रमाणपत्रासाठी दोषाची टक्केवारी ठरवावी लागते आणि टक्केवारीसाठी चाचणी लागते. चाचणीतील चित्रे व शब्द रुग्णाच्या जगातील हवेत. खुरपे, पाभर, कांद्याची चाळ, एसटी ही नावे येथील वृद्ध शेतकऱ्याला तत्काळ सुचावयास हवीत; ती न सुचली तर दोष आहे. शहरी चित्रसंचातील वस्तूचे नाव त्याला न सुचले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर समाजांची घरची बोली पाठ्यपुस्तकी मराठीहून वेगळी आहे, आणि तिच्यातील रूपे चाचणीत 'चूक' म्हणून मोजली जाऊ नयेत. यासाठी लागणारी सामग्री रुग्णालयात तयार होत नाही. बोलीतील शब्दांची वारंवारता, वयोगट आणि शालेय शिक्षण यांनुसार निरोगी व्यक्तींच्या उत्तरांचे संकलन, हे भाषा विभागांचे काम आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र या तीन विभागांना एकत्र येऊन ते करता येण्याजोगे आहे. त्यात शाळेची पायरी न चढलेल्या स्त्री-पुरुषांची प्रमाणके स्वतंत्रपणे काढावी लागतील. ज्या सत्तर वर्षांच्या बाईने आयुष्यात कधी पेन्सिल धरली नाही, तिने लिहून दाखविले नाही म्हणून तिच्या खात्यावर लेखनदोषाचे गुण मांडता येणार नाहीत.